पाकीटबंद खाणे : वाद कुठवर आला आहे?

२०२५ च्या जुलैमध्ये समोसा-जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा झळकणार, अशी बातमी देशभर पसरली. तिचा उगम नागपूरचा. कार्यालयांमध्ये पदार्थांतील तेल आणि साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावावेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सुचवले होते आणि नागपूरच्या एम्समध्ये त्याची तयारी चालू असल्याचे वृत्त होते. लगोलग सरकारला खुलासा करावा लागला. कोणत्याही पदार्थावर इशारा छापायचा नाही, फेरीवाल्यांवर रोख नाही, फलक फक्त माहितीसाठी, असे त्यात म्हटले होते. पण तोवर समाजमाध्यमांवर एक प्रश्न हजार तोंडांनी विचारून झाला होता : हलवायाच्या कढईतला समोसा तुम्हाला दिसतो, मग चिप्सचे पाकीट कसे दिसत नाही?

प्रश्न रागाने विचारलेला असला, तरी आहाराच्या अभ्यासकांमध्ये सध्या चालू असलेला वाद जवळजवळ हाच आहे. अन्नातले तेल, मीठ, साखर मोजायचे की ते कुठे, कसे, कशासाठी तयार झाले हे पाहायचे? त्याला अलीकडे पर्यावरणाचा दुसरा पदर जोडला गेला आहे. पाकिटातले खाणे शरीराला वाईट आणि पृथ्वीलाही वाईट, असे एका दमात म्हटले जाते. या दोन विधानांमागचा पुरावा मात्र सारख्या वजनाचा नाही. म्हणून ती वेगवेगळी तपासून पाहणे बरे.

भेसळीच्या दिवसांतून

औद्योगिक अन्नाविषयीची शंका आपल्याकडे नवी नाही. मुंबईत शिवडीला १९३२ मध्ये वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. तेव्हापासून ‘खरे तूप की डालडा’ हा संशय घराघरांत शिरला. या तुपातल्या ट्रान्स फॅटचा हृदयविकाराशी संबंध पुढे निर्विवाद ठरला. पण खाद्यतेलांतील आणि स्निग्ध पदार्थांतील त्याचे प्रमाण दोन टक्क्यांपर्यंत उतरवणारा नियम अमलात यायला २०२२ चा जानेवारी उजाडला. पुरावा आणि नियम यांच्यातले हे अंतर पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवण्याजोगे आहे.

विलेपार्ल्याच्या कारखान्यातली बिस्किटे, ऐंशीच्या दशकात आलेले दोन मिनिटांचे नूडल्स, १९९६ मध्ये वांद्र्याला उघडलेले मॅकडोनाल्ड्स हे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. तक्रारींचा सूर मात्र दीर्घकाळ एकच राहिला : यात काही मिसळले आहे का? २००३ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. त्यावर संयुक्त संसदीय समिती बसली आणि तिचे अध्यक्ष होते शरद पवार. २००६ मध्ये अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला. २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली ती शिशाच्या कारणावरून. मुंबई उच्च न्यायालयाने चाचण्यांची पद्धत आणि सुनावणीची संधी या मुद्द्यांवर ऑगस्टमध्ये ती रद्द केली. या सगळ्या लढाया विषाच्या होत्या. एखाद्या पाकिटात कसलीही भेसळ नसेल, प्रत्येक घटक कायद्याच्या मर्यादेत असेल, तरी ते रोज खाणे हानिकारक असू शकते का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नव्हते.

ब्राझीलहून आलेली मोजपट्टी

तो प्रश्न विचारला साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेरो यांनी. ब्राझीलमध्ये लोक किराणा दुकानातून साखर आणि तेल पूर्वीपेक्षा कमी विकत घेत होते, तरी लठ्ठपणा वाढत होता. साखर-तेल गेले नव्हते, ते तयार पदार्थांत शिरले होते. २००९ मध्ये त्यांनी अन्नाची विभागणी पोषक घटकांऐवजी प्रक्रियेवरून करावी असे सुचवले. ‘नोव्हा’ नावाच्या या वर्गीकरणात चार गट आहेत. पहिल्यात धान्य, डाळी, भाजी, दूध, अंडी, मांस. दुसऱ्यात ते शिजवायला लागणारे तेल, तूप, मीठ, साखर. या दोहोंपासून साध्या रीतीने केलेले लोणचे, चीज, ताजा पाव तिसऱ्यात. चौथा गट अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा. हे पदार्थ मुळात कारखान्यात बांधलेली मिश्रणे असतात आणि त्यांत घरच्या स्वयंपाकघरात कधी नसलेले घटक असतात.

किराणा दुकानाच्या दारात लटकणाऱ्या माळेतले पाच रुपयांचे एखादे पाकीट तोडून मागची बाजू वाचली की हा चौथा गट समजतो. पुढे रसरशीत टोमॅटोचे चित्र. मागे, जोडाच्या कडेला, चंदेरी पार्श्वभूमीवर बारीक अक्षरांत यादी. तांदळाचे पीठ, मक्याचा भरडा, बेसन इथवर सगळे ओळखीचे. मग पामोलिन तेल, माल्टोडेक्स्ट्रिन, साखर, मीठ, कांदा पावडर. त्यापुढे आकडे : आम्लता नियंत्रक ३३० आणि २९६, चववर्धक ६२७ आणि ६३१. यांतले ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असते तेच. ६२७ आणि ६३१ हे खमंगपणा ठळक करणारे क्षार. एकही घटक विषारी नाही. पण पीठ उष्णता आणि दाबाखाली यंत्राच्या भोकातून ढकलून फुगवलेले आहे. धान्याची मूळ घडण मोडलेली, पाणी जवळपास शून्य, आणि तोंडात टाकताच विरघळणारा पोत. चावायला वेळ लागत नाही, म्हणून पोट भरल्याची जाणीव होण्याआधी पाकीट संपते. मोंतेरो यांचे म्हणणे असे की दोष एका घटकात शोधू नका, या बांधणीत शोधा.

ब्राझीलने २०१४ मध्ये आपली आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे याच पायावर लिहिली. आपल्याकडे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात जाहीर केलेल्या सतरा तत्त्वांतही अतिप्रक्रियायुक्त पदार्थ कमी खावेत, असे स्पष्ट सांगितले आहे.

पुरावा कशाचा आहे

या क्षेत्रातला सर्वाधिक उद्धृत केला जाणारा प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वीस माणसे चार आठवडे संस्थेतच राहिली. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण, दोन आठवडे साधे. दोन्ही ताटांत साखर, स्निग्धांश, चोथा, मीठ जमेल तितके समान ठेवलेले. हवे तेवढे खा, एवढीच सूचना. अतिप्रक्रियायुक्त आहारावर माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलो वाढले आणि दुसऱ्या आहारावर तितकेच घटले. माणसे थोडी, काळ छोटा. तरी कार्यकारण दाखवणारा पुरावा म्हणून त्याला मान आहे.

बाकी बहुतेक पुरावा निरीक्षणाचा आहे. हजारो-लाखो लोकांना काय खाता ते विचारायचे, वर्षानुवर्षे त्यांच्या आजारांची नोंद ठेवायची. अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात जवळपास एक कोटी लोकांची माहिती होती. मधुमेह, हृदयविकाराने मृत्यू, चिंता आणि नैराश्य अशा ३२ बाबींशी या आहाराचा संबंध आढळला. सर्व संबंध सारखे भक्कम नव्हते. काहींचा पुरावा लेखकांनीच कच्चा ठरवला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ४३ तज्ज्ञांची लेखमाला छापली. तिचा निष्कर्ष असा की जगभर पारंपरिक जेवणाची जागा हे पदार्थ घेत आहेत, त्याने आहाराचा दर्जा घसरतो आहे आणि धोरणे आखायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

शंका घेणारे काय म्हणतात

शंका घेणाऱ्यांना उद्योगांचे वकील म्हणून झटकून टाकता येणार नाही. ब्रिटनच्या पोषणविषयक सल्लागार समितीने २०२३ मध्ये नोंदवले की संबंध चिंताजनक आहेत, पण ते प्रक्रियेमुळे की त्या पदार्थांतल्या मीठ-साखर-स्निग्धांशामुळे, हे सांगता येत नाही. दुसरा आक्षेप गटाच्या सरमिसळीचा. युरोपातील सात देशांच्या २०२३ मधील एका अभ्यासात गोड शीतपेये आणि प्रक्रिया केलेले मांसजन्य पदार्थ अनेक आजारांशी निगडित दिसले, पण पाव आणि न्याहारीची तृणधान्ये दिसली नाहीत. कोला आणि कारखान्यातला गव्हाचा पाव यांना एकाच गटात बसवणारी मोजपट्टी कितपत बारीक मोजते, हा रास्त प्रश्न आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा २०२५ मधील प्रयोग या वादात मधे उभा राहतो. पंचावन्न प्रौढांना आठ-आठ आठवडे दोन्ही आहार दिले गेले आणि दोन्ही सरकारी आरोग्यदायी आहाराच्या चौकटीत बसणारे होते. वजन दोन्हींवर कमी झाले. म्हणजे पोषक घटक नीट असले तर पाकीटबंद अन्नही अनर्थ करत नाही. पण कमी प्रक्रियेच्या आहारावर ते २.०६ टक्के घटले आणि अतिप्रक्रियायुक्त आहारावर १.०५ टक्के. म्हणजे प्रक्रियेचा स्वतःचा काही वाटा असावा. दोन्ही बाजूंनी हा निकाल आपल्या बाजूचा म्हणून वापरला आहे आणि दोघांचेही पूर्ण चुकत नाही.

आपल्या ताटात बसवताना

इथवरचे जवळजवळ सारे संशोधन अशा देशांतले आहे जिथे अतिप्रक्रियायुक्त पदार्थ रोजच्या आहाराचा मोठा भाग आहेत. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये तर निम्म्याहून अधिक कॅलरी त्यांतून येतात. भारत अजून तिथे नाही. पण दिशा स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि इक्रियर ही संशोधन संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०११ ते २०२१ या दशकात भारतातील या पदार्थांची किरकोळ विक्री मूल्याच्या हिशेबाने वर्षाला सरासरी १३.३७ टक्क्यांनी वाढली. घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीतही पेये, फराळ आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा चढता आहे. १९९९-२००० मध्ये ग्रामीण घरांच्या खर्चात तो ४.१९ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ९.८४ टक्के. शहरांत ६.३५ वरून ११.०९ टक्के. हा आकडा भाषणांत फार वापरला जातो, पण त्यात टपरीवरचा चहा आणि खाणावळीतले जेवणही आहे. तो पाकिटांचा आकडा नव्हे.

दुसरीकडे आजारांचे चित्र गंभीर आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडियॅब’ पाहणीने २०२३ मध्ये मधुमेहींची संख्या १०.१ कोटी आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३.६ कोटी असल्याचे मांडले. याचे खापर पाकिटावर फोडण्याचा मोह होतो. पण त्याच प्रकल्पाचे २०२५ मधले निष्कर्ष सांगतात की भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते आणि त्यात पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये आणि साखर यांचा भरणा आहे. प्रथिने कमी. म्हणजे मधुमेहाची पायवाट आपल्या घरच्या भात-पोळीतूनही जाते. नोव्हा वर्गीकरणात पांढरा भात पहिल्याच, निर्दोष गटात बसतो. भारतीय वाचकाने ही मोजपट्टी हातात घेताना तिची ही मर्यादा ओळखायला हवी. मिठाचेही तसेच. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ तयार पदार्थांतून पोटात जाते. आपल्याकडे अजून मोठा वाटा घरच्या आमटी-भाजीचा, पापड-लोणच्याचा आहे.

त्यातून आपल्या शरीराचा मुद्दा निघतो आणि त्याबाबतचे पायाभूत काम पुण्यात झाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या गावांतील माता आणि बाळांचा अभ्यास केला. ही बाळे वजनाने हलकी, पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पोटात असताना कुपोषण सोसलेल्या आणि नंतर एकाएकी भरपूर ऊर्जा मिळू लागलेल्या शरीरावर तेच पाकीट अधिक घाव घालत असण्याची शक्यता आहे. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ही मुले मोठी होतील ती पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळेखाली. मला या वादातला हा सर्वांत कमी चर्चिलेला आणि सर्वांत महत्त्वाचा धागा वाटतो.

आता वडापाव. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असे मानले जाते. बटाटा, बेसन, तेल, लसणाची चटणी : नोव्हाच्या दृष्टीने यात अतिप्रक्रियायुक्त काही नाही, बेकरीने पावात सुधारक द्रव्ये घातली नसतील तर. पोषक घटकांच्या तराजूत मात्र तो मैदा आणि तळणीचा मामला, त्यात चार-चारदा तापलेले तेल. याउलट जीवनसत्त्वे घातलेला, साखर कमी असलेला कारखान्यातला ओट्सचा डबा पोषणाच्या तराजूत उत्तीर्ण होईल आणि नोव्हात नापास. समोसा-जिलेबीच्या वेळी झालेला गोंधळ या दोन तराजूंचा होता. फलक तेल-साखर मोजणारे होते, रागावलेले लोक नोव्हाच्या भाषेत बोलत होते.

पर्यावरणाचा हिशेब

इथे जमीन अधिक निसरडी आहे. अन्नव्यवस्थेतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे एक-तृतीयांश आहे, हे २०२१ मधील एका जागतिक हिशेबात आले. त्यातला सिंहाचा वाटा शेती आणि जमिनीच्या वापरातील बदलांचा. अन्नाच्या उत्सर्जनात वेष्टनांचा वाटा सुमारे ५.४ टक्के, वाहतुकीचा ४.८ टक्के. म्हणजे कारखाना आणि वेष्टन हे नगण्य नाहीत, पण मुख्य खलनायकही नाहीत. पाश्चात्त्य देशांत फास्ट फूडवरचा पर्यावरणीय आरोप मुख्यतः गोमांसाच्या बर्गरमुळे आहे. भारतातल्या बर्गरमध्ये बहुधा बटाट्याची टिक्की असते. तिथला हिशेब जसाच्या तसा इकडे आणला तर तो चुकतो.

आपला हिशेब तीन ठिकाणी मांडावा लागतो, आणि पहिले ठिकाण तेलाचे. भारत पाम तेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. तेल येते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून, जिथे वर्षावने आणि दलदलीच्या जमिनी तोडून-जाळून पामचे मळे उभे राहिले. २०१५ मध्ये इंडोनेशियातल्या आगींचा धूर शेजारी देशांवर कित्येक आठवडे दाटून होता. बिस्किटे, फरसाण, नूडल्स यांना पामोलिन हवेच, कारण ते स्वस्त आहे, टिकते आणि तळताना लवकर बिघडत नाही. पण या आरोपालाही दुसरी बाजू आहे. हेक्टरी तेलाचे उत्पादन पाहता पाम इतर सर्व तेलबियांच्या कितीतरी पुढे आहे. तेलपिकांखालच्या दहा टक्क्यांहून कमी जमिनीतून जगाच्या वनस्पती तेलाचा सुमारे ३५ टक्के हिस्सा येतो. पाम सोडून तेवढेच तेल सोयाबीनमधून काढायचे ठरवले तर जंगल अधिक जाईल. प्रश्न तेल बदलण्याचा कमी आणि तेल कमी करण्याचा जास्त आहे. आरोग्य आणि पर्यावरण यांचा सल्ला इथे एकच होतो.

दुसरे ठिकाण साखरेचे, आणि ते महाराष्ट्राच्या अगदी जिव्हाळ्याचे. राज्यातल्या लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम चार टक्क्यांवर ऊस आणि तो सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी पितो, हा आकडा जलतज्ज्ञांच्या लेखांतून वर्षानुवर्षे येतो आहे. अचूक टक्केवारीवर वाद होतो, विषमतेवर होत नाही. देशात खपणाऱ्या साखरेचा मोठा भाग घरच्या डब्यात जात नाही. शीतपेये, बिस्किटे, मिठाई, आइस्क्रीम यांच्या उद्योगात जातो. सोलापूर-मराठवाड्यातल्या पाण्याचा आणि गोड पेयांचा संबंध असा जोडता येतो. पण इथेनॉल, उसाची हमी किंमत, सहकारी कारखान्यांचे राजकारण यांच्या गुंत्यात आहाराचा धागा वेगळा काढणे कठीण आहे. शीतपेयांचा खप उद्या निम्मा झाला तरी ऊस हटेल याची खात्री कोणी देणार नाही.

तिसरे ठिकाण वेष्टनाचे. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा असतो. हवा, ओल, उजेड बाहेर ठेवून माल महिनोन्‌महिने टिकवणारी ही रचना कामाची आहे, पण थर वेगळे करता येत नाहीत म्हणून भंगारात तिला किंमत नाही. पुण्या-मुंबईतली कचरावेचक बाई दुधाची पिशवी उचलते, पाण्याची बाटली उचलते, चंदेरी पाकीट तिथेच सोडते. पाकीट जितके लहान, तितके अन्नाच्या मानाने वेष्टन जास्त, आणि गरिबांच्या बाजारात तर लहान पाकीटच चालते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली तेव्हा पिशव्या, थर्माकोल अडवले गेले. कारखान्यातूनच बंद होऊन येणाऱ्या मालाचे वेष्टन सुटले. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण बहुस्तरीय प्लास्टिक अनेकदा शेवटी सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाते. त्याला पुनर्वापर म्हणायचे का, यावर मतभेद आहेत.

प्रक्रियेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा नासाडीचा आहे. भाव पडला की नाशिकचा टोमॅटो रस्त्यावर ओतला जातो, हे दृश्य आपण दर काही वर्षांनी पाहतो. केंद्रीय पाहणीनुसार फळे-भाज्यांचे काढणीनंतरचे नुकसान पिकानुसार साधारण ५ ते १६ टक्के असते. त्या टोमॅटोची प्युरी झाली, आंब्याचा रस डब्यात गेला, दुधाची भुकटी झाली, तर त्यामागे ओतलेले पाणी, खत, मजुरी वाया जात नाही. हे खरेच आहे. पण प्युरी, आमरस, भुकटी हे बहुधा नोव्हाच्या पहिल्या-तिसऱ्या गटातले पदार्थ. फुगवलेल्या मक्याच्या नळ्यांनी कोणत्या शेतमालाची नासाडी वाचते, ते सांगणे अवघड आहे. ‘अन्नप्रक्रिया उद्योग’ या एका छत्रीखाली दोन्ही उभे असल्याने एकाच्या पुण्याईवर दुसऱ्याला सवलत मिळते. २०२१ मध्ये या उद्योगासाठी १०,९०० कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मंजूर झाली.

आणि घरगुती किंवा गल्लीतले ते सगळे हिरवे, असेही नाही. मुंबईच्या पावाच्या भट्ट्या घ्या. शहरातल्या बऱ्याच बेकऱ्या लाकडावर चालत होत्या आणि त्यात भंगारातले रंगवलेले फर्निचरही जळत होते. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. आरोग्याच्या दृष्टीने सौम्य ठरणारा गल्लीतला ताजा पाव हवेच्या दृष्टीने सौम्य नव्हता.

धोरण कुठे अडले आहे

जगात तीन साधने वापरली गेली आहेत : वेष्टनावरचा इशारा, कर आणि जाहिरातींवर बंधन. चिलीने २०१६ मध्ये ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’ असे काळे अष्टकोन पुढच्या बाजूस छापायला लावले आणि मुलांना उद्देशून जाहिराती रोखल्या. त्यानंतर इशारा असलेल्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. अशा उपायांनी लोकांचे वजन किती उतरले, याचे उत्तर मात्र अजून तितके स्वच्छ नाही.

भारतात वेष्टनाच्या पुढच्या बाजूवरील माहितीची चर्चा २०१४ पासून चालू आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये एक मसुदा आणला, तो बारगळला. २०२२ मध्ये अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत मानांकनाचा मसुदा आला. ताऱ्यांच्या बाजूचे म्हणतात की ग्राहकाला तुलना करता येते आणि उद्योगाला पदार्थ सुधारायला प्रोत्साहन मिळते. विरोधकांचे म्हणणे, चोथा किंवा सुकामेवा घालून साखरेचे पाप धुता येते, आणि दोन तारे मिळालेला पदार्थही ग्राहकाला बरा वाटतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांची मुदत दिली.

कराबाबतची विसंगती अधिक बोलकी आहे. केरळने २०१६ मध्ये ब्रँडेड उपाहारगृहांतल्या पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के कर लावला. पुढच्या वर्षी तो वस्तू व सेवा करात विरला. २०२५ च्या जानेवारीत केंद्राच्या आर्थिक पाहणीने अतिप्रक्रियायुक्त पदार्थांवर कडक उपायांची गरज मांडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बिस्किटे, चॉकलेट, नमकीन, नूडल्स यांवरचा कर पाच टक्क्यांवर आला आणि गोड शीतपेये ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेली. पेयांच्या बाबतीत हे पुराव्याला धरून आहे, कारण सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्याच विरुद्ध आहे. बाकी कपातीमागे महागाईचा विचार होता, आहाराचा दिसत नाही.

शाळांच्या बाबतीत महाराष्ट्राने २०१७ मध्येच उपाहारगृहांतून तेल-मीठ-साखर जास्त असलेले पदार्थ हटवण्याचा आदेश काढला. प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेपासून ५० मीटरपर्यंत त्यांच्या विक्रीला मनाई केली. फाटकासमोरची टपरी कोणी मोजायची, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले.

अजून न सुटलेले

भात-पोळीच्या ताटाची जागा पाकीट घेते, तेव्हा नेमके किती बिघडते? हॉल यांच्यासारखे बंदिस्त प्रयोग भारतीय ताटावर आणि याज्ञिकांनी दाखवलेल्या भारतीय शरीरावर झाले, तर आयात मोजपट्टीवरचे अवलंबित्व कमी होईल. अंगणवाडीत घरी न्यायला मिळणारा पाकीटबंद आहार आणि तीव्र कुपोषित मुलांसाठीची तयार पोषणपेस्ट यांचे काय करायचे, हाही पेच आहे. नोव्हाच्या व्याख्येत यांतले बरेच चौथ्या गटात जाईल, आणि तीव्र कुपोषणाच्या उपचारात अशा पेस्टने मुले वाचवली आहेत. काही पोषणतज्ज्ञ त्यांना औषध मानून वेगळे ठेवतात. आहारहक्क कार्यकर्ते गरम ताज्या जेवणाचा आग्रह धरतात आणि पाकिटांमागे ठेकेदारी येते याकडे बोट दाखवतात.

सर्वांत अवघड प्रश्न वेळेचा. ‘घरचे खा’ हा सल्ला फुकट नाही. २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८. पाकिटाने बाजी मारली ती काही अंशी याच मिनिटांवर. घराबाहेर शिजलेले, ताजे आणि पाकिटात न शिरलेले अन्न हा तिसरा मार्ग महाराष्ट्राला अनोळखी नाही. गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रे आहेत, बचत गटांच्या खाणावळी आहेत. १९९५ नंतर एक रुपयाची झुणका-भाकर येऊन गेली. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळू लागला. बाकीचा खर्च सरकारचा, शहरात थाळीमागे चाळीस रुपये, गावात पंचवीस. ही थाळी अन्न व नागरी पुरवठा खात्याच्या हिशेबात मोजली जाते, आणि तिथे तिच्या अनुदानाची बिले थकल्याच्या तक्रारी केंद्रचालक करत असतात. आरोग्य खात्याच्या आहारधोरणात तिला जागा द्यायची का, आणि दिली तर तिचा खर्च कोणत्या खात्याने उचलायचा, हे अजून ठरायचे आहे.